चौदा मॉनिटरांचा बाप

आरानीच्या शाळेतला संगणकाचा मास्तर कासियानो तेर्सेरोस याला व्हीजीए केबलचा एवढा राग का, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्याची तरी तशी समजूत होती. निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली ती जाडजूड केबल नजरेला पडली की त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. शिक्षकांच्या खोलीत तो हमखास विषय काढायचा. "जगानं कधीच टाकली ती. आपणच कवटाळून बसलोय. चित्र पुसट, रंग विटके, पंधरा पिनांतली एक वाकली की अख्खा पडदा पिवळा. कधीतरी सोक्षमोक्ष लावायलाच हवा." बाकीचे शिक्षक मान डोलवायचे आणि कोकाच्या पानांच्या चहात पाव बुडवायचे.

तो बोलायचा त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते कारण नव्हतं. खरं कारण चौकाच्या कोपऱ्यावर भट्टी लावून पाव भाजायचं, आणि त्याचं नाव होतं सेनोबिया रोकाबादो, मानानं दोन्या सेनोबिया.

आता पावाचा आणि केबलचा संबंध काय, हे सांगायचं तर सहा वर्षं मागं जावं लागेल. शाळेत संगणकखोली झाली तेव्हा सरकारनं यंत्रं दिली आणि मॉनिटर द्यायला विसरलं. आमच्याकडे अशी अडचण आली की माणसं वर्गणी काढत बसत नाहीत, धर्ममाता-धर्मपिते शोधतात. लग्नातल्या केकला धर्मपिता असतो, बँडला असतो, फुटबॉलच्या सदऱ्यांना असतो. तसे चौदा मॉनिटरांना चौदा मिळाले. ज्यानं त्यानं आपापला मॉनिटर आणला, चपटे पण चौकोनी, कोणीतरी वापरून सोडलेले, आणि प्रत्येकावर पितळी पट्टी ठोकून आपलं नाव कोरलं. चौथ्या मॉनिटरवर सेनोबियाचं नाव होतं.

धर्ममाता झाली, पण लेकराला बाप हवा. मुख्याध्यापक इलारियोन म्हणाले, "खोली तुमची, यंत्रं तुमची. बाप तुम्हीच व्हा, कासियानो." पन्नाशीला टेकलेला, आईबरोबर राहणारा, ज्याला जन्मात कोणी मुलगी दिली नाही तो माणूस एका दुपारी चौदा लेकरांचा बाप झाला. एकेक मॉनिटर त्यानं कडेवर घेतला. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, ते स्विचच्या फटीत जाऊ नये म्हणून यानं तळहात आडवा धरला. धर्मपित्यानं थोडी चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, जमिनीवर सांडली, उरलेली बापाला पाजली, त्याच्या डोक्यावर मूठभर रंगीत कागदाचे कपटे उधळले आणि मिठी मारली. "आजपासून आपण कोंपाद्रे!" बाई असेल तर कोमाद्रे. त्या मिठीनं गाठ बसते. मग भांडता येत नाही, नावानं हाक मारता येत नाही, आणि कोमाद्रेकडे नको त्या नजरेनं बघायचं तर बहिणीकडे बघितलेलं बरं, असं आमची म्हातारी माणसं म्हणतात.

कासियानोची आई दोन्या फेलिपा तर त्याहून पुढं जायची. "कोमाद्रेवर डोळा ठेवणारा मेला की त्याचं पिशाच्च होतं. साखळ्या ओढत डोंगरावर बोंबलत हिंडतं. तुझ्या बापाच्या गावात होतं एक."

"तू पाहिलंस?"

"ऐकलंय ना!"

आणि नेमकं त्या समारंभानंतरच कासियानोला दिसायला लागलं की सेनोबिया हसते तेव्हा आधी डोळ्यांनी हसते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तोवर समोरून जाताना जे कधी दिसलं नाही ते नातं जुळल्यावर दिसावं, याला कासियानो स्वतःचा खास गुण समजायचा. बस गेली की थांब्यावर पोचण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी तो तिच्या दुकानात जायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "कशा आहात, कोमाद्रे?" तो शब्द उच्चारताना त्याला जिभेवर कुलूप घातल्यासारखं वाटायचं. मग दोघांना आठवडाभर संपणार नाहीत इतके पाव घेऊन तो घरी यायचा. उरलेले आई कोंबड्यांना घालायची. त्या कोंबड्या इतक्या फुगल्या की त्यांना कुंपणावर उडता येईना.

तर अशात, या वर्षी शाळा उघडता उघडता, नगरपालिकेनं नवी यंत्रं पाठवली. खोकी फोडली, मागची बाजू बघितली, आणि कासियानोनं ती पुन्हा एकदा बघितली. निळं तोंड कुठंच नव्हतं. फक्त एचडीएमआयची चपटी खाच.

"म्हणजे जुने मॉनिटर लागणार नाहीत?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही लागणार," कासियानो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा जास्त आनंदी निघाला.

"मध्ये जोडायला अडॅप्टर मिळतो म्हणे. बोटाएवढा असतो."

"अडॅप्टर म्हणजे ठिगळ, सर! आज ठिगळ लावलं की अजून दहा वर्षं तेच. कधीतरी हे जुनं बंद करावंच लागतं."

मनातला हिशोब वेगळाच चालला होता. मॉनिटर निवृत्त झाला म्हणजे लेकरू गेलं. लेकरू गेलं म्हणजे धर्ममाता कशाची? आणि धर्ममाता नाही तर कोमाद्रे कुठली? शंका नको म्हणून त्यानं पाद्रीबाबांना गाठलं. ते एका नव्या बसवर पाणी शिंपडायच्या घाईत होते. "बाबा, समजा, एखादी वस्तू... तिला धर्ममाता आहे... ती वस्तू मोडीत निघाली, तर?" पाद्रीबाबा म्हणाले, "मूलच नाही तर कसलं आलंय धर्मनातं? ती बादली धर जरा." कासियानोनं बादली धरली. तेवढ्या उत्तरावर त्यानं आयुष्य पणाला लावायचं ठरवलं. यंत्रविषयक निर्णय धर्मशास्त्राच्या आधारे घेणारा आपण देशातले पहिलेच मास्तर असू, असंही त्याला वाटून गेलं.

पालकांची सभा शाळेच्या अंगणात भरली. कासियानोनं आदल्या दिवशी आरशासमोर भाषण केलं होतं. आरशाला ते पटलं होतं. सभेत त्यानं एका हातात व्हीजीए केबल धरली, दुसऱ्या हातात एचडीएमआय, आणि ख्रिस्त नि सैतान दाखवावेत तशी दोन्ही उंचावली.

"ही बघा. हिच्यातून चित्र जातं, पण वाटेत गाळ साचतो. पाण्याचा जुना नळ म्हणा. आणि ही! चित्र आणि आवाज, दोन्ही एकत्र. कंपन्यांनी यंत्रांवरून निळं तोंड काढून टाकलं. आपण कुठवर धरून बसणार?"

सेनोबिया पुढच्याच बाकावर होती. पदर... नाही, आमच्याकडे पदर नसतो, तिनं खांद्यावरची शाल सावरली आणि उभी राहिली. तिच्या पोलेऱ्याच्या, म्हणजे चुणीदार घागऱ्याच्या, घेराला पीठ लागलं होतं.

"एक विचारू, प्रोफे? माझा मॉनिटर बिघडलाय का?"

"नाही, पण..."

"पडदा दिसतो?"

"दिसतो. पण कोमाद्रे, प्रश्न दिसण्याचा नाही, प्रश्न..."

"मग काय वासाचा आहे?" अंगण हसलं. ती काही हसली नाही. "तुमच्या त्या निळ्या तोंडाला दोन स्क्रू आहेत. पोरानं टेबलाला लाथ मारली तरी हलत नाही. नव्याला काय आहे? नुसतं खुपसून ठेवलेलं. माझी पुतणी सांगते, तिच्या शाळेत कोणी शिंकलं तरी पडदा काळा होतो."

"बरोबर बोलते बाई!" मागून कोणीतरी म्हणालं.

"भट्टी जुनी झाली म्हणून मी ती फोडली नाही अजून. चालतंय ते का टाकायचं? मध्ये तो बारका तुकडा लावा की."

तिचं म्हणणं बरोबर होतं. स्क्रूचा मुद्दा तर त्याला स्वतःला कधीपासून छळत होता. प्रेमात पडलेल्या माणसाला बाईनं वादात हरवलं की तो आणखी प्रेमात पडतो, आणि हा तर आधीच गळ्यापर्यंत बुडालेला. तो नुसता दोन्ही केबली हातात घेऊन उभा राहिला.

त्याला वाचवलं ट्रकवाल्या अबुंदियोनं. अबुंदियो सहाव्या मॉनिटरचा धर्मपिता. "अहो, एवढा काथ्याकूट कशाला? जुने मॉनिटर गेले तर नवे येणार. नवे येणार तर धर्मपिते नवे लागणार. म्हणजे पुन्हा समारंभ, पुन्हा बँड, पुन्हा चिचा! हात वर करा ज्यांना समारंभ पाहिजे!"

अंगणभर हात वर झाले. व्हीजीए नावाच्या गोष्टीचा आरानीतला अंत असा झाला. तांत्रिक कारणं सभेच्या नोंदीत लिहिली गेली, पण गावानं मत दिलं ते चिचेला.

कासियानोला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मुख्याध्यापक उठले. भला माणूस, सगळ्यांचं मन राखणारा. "मग ठरलं. पण पहिला मान जुन्यांचा. नव्या मॉनिटरांची पहिली धर्ममाता म्हणून मी दोन्या सेनोबियांचं नाव..."

"नको!" कासियानो ओरडला. "त्या नकोत! बाकी कोणीही चालेल!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. अंगणात इतकी शांतता झाली की रस्त्यापलीकडच्या गाढवाचं रेकणं ऐकू आलं, आणि कासियानोला वाटलं, चला, कोणीतरी आपल्या वतीनं बोललं.

सेनोबियाचा चेहरा भट्टीसमोर असतो तसा लाल झाला. ती उठली. संगणकखोलीत गेली, चौथ्या मॉनिटरचे दोन्ही स्क्रू बोटांनी सोडवले, तो आवायोत, ओझं पाठीला बांधायच्या विणलेल्या कापडात, गुंडाळला, तान्ह्या पोराला घेतात तसा पाठीला बांधला आणि अख्ख्या सभेच्या मधून चालत फाटकाबाहेर गेली. कापडाबाहेर राहिलेली पितळी पट्टी पाठीवर चमकत होती. कासियानो हाक मारायला गेला. पण काय म्हणून मारणार? कोमाद्रे म्हणायचं नाही यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

पुढच्या गुरुवारी तो दुकानात गेला. फळीवर पावांचा ढीग होता.

"पाव मिळतील?"

"संपले."

"हे समोर आहेत ते?"

"ते इतरांसाठी आहेत. तुम्हीच म्हणालात ना, बाकी कोणीही चालेल."

त्याच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि सहा पाव घेतले.

कासियानो रिकाम्या हातानं घरी आला. कोंबड्या धावत आल्या, हात बघून परत गेल्या. आईनंही हात बघितले. "भांडलास?"

"नाही गं."

"मग पाव?"

तो खाटेवर बसला आणि त्याला रडू आलं. चोपन्न वर्षांचा घोडा, पण आलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिली एचडीएमआयची केबल. नातं तोडायला गेला तो, माणूसच तोडून आला. आई त्याच्याजवळ बसली नाही. लांबूनच म्हणाली, "तिला जाऊन सांग काय ते खरं. मी ऐकलेलं पिशाच्च काही एवढं रडत नव्हतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"कोंबड्यांना पण माहीत आहे, कासियानो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यानं मोडीत काढलेलं चौथं यंत्र कपाटातून काढलं, काखेत मारलं, व्हीजीए केबल गळ्यात अडकवली आणि चौकातून निघाला. दुसरी वाट होती, पण ती लांबची होती आणि यंत्र जड होतं. अबुंदियो ट्रकचं चाक बदलत होता. तो ओरडला, "काय प्रोफे, परवा फाशी दिलीत आणि आज प्रेत गळ्यात घालून फिरताय?" न्हाव्याच्या दुकानातून चार डोकी बाहेर आली, दोघांना फेस लावलेला. कासियानोनं सगळ्यांना मान लववून नमस्कार केला. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मॉनिटर पिठाच्या पोत्यांशेजारी स्टुलावर होता, वर विणलेला रुमाल टाकलेला. सेनोबिया कणकेत कोपरापर्यंत बुडाली होती.

"पाव संपलेत," ती मान वर न करता म्हणाली.

"मी पावाला नाही आलो. याला... जोडायला आलोय. नुसता ठेवला की खराब होतो." हे खोटं होतं. "तुम्हाला हिशोबाला, ऑर्डरी लिहायला होईल."

ती कणीक मळत राहिली. त्यानं तोच होकार धरला. गुडघ्यांवर बसून त्यानं निळं तोंड मॉनिटरच्या मागं बसवलं आणि स्क्रू पिळायला घेतले. सहा वर्षं शिव्या घातलेले स्क्रू. एक बसला. दुसरा आट्यावर बसेना. पाठमोरं बोलणं त्याला सोपं वाटलं, म्हणून तो मॉनिटरच्या मागच्या बाजूलाच म्हणाला, "मी त्या दिवशी नको म्हटलं, कारण तुम्ही पुन्हा कोमाद्रे झाला असतात."

कणकेचा आवाज थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे... कोमाद्रे आहात तोवर मला काही विचारता येत नाही. म्हणून मॉनिटर घालवायचे होते. केबलचं सगळं... ते खरं आहे, चित्र खरंच पुसट येतं, पण ते कारण नव्हतं. मी गाढव आहे. तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलंच असेल."

तिनं हातांची कणीक खरवडून काढली. मग सेनोबियानं विचारलं, "पुन्हा म्हणालात. आधी कधी झाले होते मी?"

तो वळला. "समारंभात. सहा वर्षांपूर्वी. चौदाही जणांनी मिठी..."

"तेरा."

"काय?"

"तेरा जणांनी. मोजली होतीत? तुमच्या डोळ्यांत कागदाचे कपटे, पोटात तेरा पेले. तुम्हाला खांबानं मिठी मारली असती तरी कळलं नसतं. मी सगळ्यात शेवटी मॉनिटर तुमच्या हातात दिला, चिचा सांडली आणि मागच्या दारानं निघून आले. मिठी नाही, तर कोमाद्रे कशी होईन?"

कासियानो पिठाच्या पोत्यावर बसला. "भट्टीत पाव होते म्हणून गेलात?"

"पाव सकाळीच निघाले होते."

ती हात पुसत होती आणि पुसून झाल्यावरही पुसतच होती. कासियानोच्या डोक्यात तो अर्थ हळूहळू उतरला, जुन्या यंत्रावर चित्र उतरतं तसा, वरून एकेक ओळ.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?" तो म्हणाला.

"मी?" आता तिचा आवाज चढला. "पुढच्याच गुरुवारी तुम्ही इथं आलात. टोपी काढलीत. आणि म्हणालात, 'कशा आहात, कोमाद्रे?' मी म्हटलं, झालं, मास्तरांनी पायरी दाखवून दिली. मग दर गुरुवारी तेच. सहा वर्षं, प्रोफे! दर गुरुवारी दार लावायचं आणि वर ढीगभर पाव न्यायचे! मला कळेना, हा माणूस इतके पाव खातो तरी असा वाळका कसा."

"कोंबड्या," कासियानो पुटपुटला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे ठीक आहे. यानं तर वळसा घालता घालता अख्ख्या गावाचे मॉनिटर मोडीत काढले होते. धडधाकट तेरा मॉनिटर शाळेच्या कोठारात एकावर एक पडले होते, पालकांपुढं भाषण झालं होतं, बँड ठरला होता, चिचेचे माठ आंबायला ठेवले होते. तंत्रज्ञानाच्या नावानं इतका मोठा वेडेपणा एका माणसानं एकट्याच्या बळावर केला, याचा त्याला क्षणभर अभिमानसुद्धा वाटला. मग हसू आलं. तो हसला, तशी तीही हसली, आधी डोळ्यांनी.

"चालू तर करा," ती म्हणाली. "बघू तरी माझं लेकरू."

त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला. पिवळा. एक पिन वाकली असणार, बहुधा परवा ओढताना. एरवी त्यानं यावर पंधरा मिनिटं ऐकवली असती. आज तो त्या पिवळ्या उजेडात बसून राहिला, आणि तिनं फळीवरचा, अजून गरम असलेला एक पाव उचलून त्याच्यापुढं धरला.

कासियानोचं मन इतकं भरून आलं होतं की त्यानं उभं राहून, टोपी काढून, सहा वर्षांच्या सवयीनं म्हटलं, "उपकार झाले, कोमाद्रे."

पाव सरळ त्याच्या कपाळावर बसला.